फ्रँकेन्स्टाइनमधली कोटेशन्स लक्षात कशी ठेवायची, आणि पेपरात वापरायची कशी

कोटेशन्स पाठ करायची म्हटलं की बहुतेक जण नेटवरून साठ-सत्तर वाक्यांची लिस्ट डाउनलोड करतात, प्रिंट काढतात, हायलायटरने सगळा कागद पिवळा करतात आणि पेपरच्या आदल्या रात्री घोकत बसतात. सकाळी त्यातली चार-पाच आठवतात, आणि त्यातलीही दोन नक्की कोण म्हणालं होतं ते आठवत नाही. मेरी शेलीच्या 'फ्रँकेन्स्टाइन'च्या बाबतीत तर हे हमखास होतं, कारण या कादंबरीत एकाच्या गोष्टीत दुसऱ्याची गोष्ट आणि दुसऱ्याच्या गोष्टीत तिसऱ्याची, असा प्रकार आहे आणि सगळेच जण 'मी' म्हणूनच बोलतात.

ज्यांच्या परीक्षेत पुस्तक सोबत नेता येत नाही (इंग्लंडातल्या जीसीएसई या शाळेच्या परीक्षेला तसंच असतं, आणि बऱ्याच कॉलेजांच्या पेपरांनाही) त्यांच्यासाठी हे लिहितेय, पण कादंबरी नुसती आवडली म्हणून त्यातली वाक्यं डोक्यात असावीत असं वाटणाऱ्यांनाही चालेल. माझं म्हणणं थोडक्यात असं आहे की कोटेशन्स कमी घ्या, तुकडे लहान ठेवा आणि ते सुटे न ठेवता एकमेकांना बांधून ठेवा. सुटं वाक्य विसरतंच, कितीही वेळा घोका. वाक्यं मूळ इंग्रजीच पाठ करायची आहेत, मी इथे ती देवनागरीत लिहिलीयत, स्पेलिंग आपापल्या प्रतीत बघून घ्या.

आधी तुमची आवृत्ती कुठली ते बघा

हे कंटाळवाणं आहे पण इथेच अर्धा गोंधळ होतो. कादंबरी पहिल्यांदा आली १ जानेवारी १८१८ ला, तीन खंडांत, लेखिकेचं नाव न छापता. मग १८३१ मध्ये मेरी शेलीने बरेच बदल करून एका खंडात नवी आवृत्ती काढली. १८१८ च्या आवृत्तीत प्रत्येक खंडात प्रकरणांचे नंबर पुन्हा एकपासून सुरू होतात, १८३१ मध्ये चार पत्रं आणि मग सलग १ ते २४ प्रकरणं. म्हणजे व्हिक्टर फ्रँकेन्स्टाइन स्वतः बनवलेल्या देहात जीव ओततो तो प्रसिद्ध प्रसंग एका आवृत्तीत खंड १ प्रकरण ४ आहे आणि दुसरीत सरळ प्रकरण ५. मैत्रिणीच्या नोट्स एका आवृत्तीच्या आणि तुमचं पुस्तक दुसऱ्या, असं झालं की शोधत बसा.

फरक फक्त नंबरांचा असता तर चाललं असतं. एलिझाबेथ, म्हणजे व्हिक्टरशी जिचं लग्न होतं ती, १८१८ मध्ये त्याची आतेबहीण आहे, १८३१ मध्ये ती घरात आणून वाढवलेली अनाथ मुलगी आहे. शिवाय १८३१ मध्ये नशिबाची भाषा वाढवलीय, "डेस्टिनी वॉज टू पोटंट" म्हणजे नियतीपुढे माझं काही चालेना हे वाक्य १८१८ मध्ये नाहीच. व्हिक्टर दोषी की नशिबाचा बळी असा प्रश्न आला तर हे वाक्य कुठल्या आवृत्तीतलं आहे यावरच एक चांगला मुद्दा होतो. तर पुस्तकाच्या सुरुवातीच्या पानांवर आवृत्ती बघा आणि वहीच्या पहिल्या पानावर लिहून टाका. पुढे मी दिलेले प्रकरण नंबर १८३१ चे आहेत.

मग कोण कोणाशी बोलतंय ते पक्कं करा

एकही वाक्य पाठ करण्याआधी हे करा. कादंबरीची रचना डबीत डबी अशी आहे. सगळ्यात बाहेर वॉल्टन, उत्तर ध्रुवाकडे निघालेला, इंग्लंडमधल्या बहिणीला म्हणजे मार्गारेट सॅव्हिलला पत्रं लिहितोय. त्याच्या जहाजावर व्हिक्टर येतो आणि त्याला आपली कहाणी सांगतो. त्या कहाणीच्या मध्ये, प्रकरण ११ ते १६, त्याने निर्माण केलेला जीव व्हिक्टरला स्वतःची कहाणी सांगतो. (फ्रँकेन्स्टाइन हे बनवणाऱ्याचं आडनाव आहे, बनवलेल्याला कादंबरीत नावच नाही. हे माहीत असतं सगळ्यांना तरी पेपरात चुकतंच, म्हणून मी त्याला इथे 'क्रीचर'च म्हणतेय.)

आता गंमत बघा. क्रीचरचं जवळजवळ प्रत्येक वाक्य आपल्यापर्यंत व्हिक्टरच्या तोंडून येतं आणि वॉल्टनच्या लेखणीतून. त्यात शेवटच्या प्रकरणात वॉल्टन सांगतो की मी टिपणं काढतोय हे व्हिक्टरला कळलं तेव्हा त्याने ती मागून घेतली आणि स्वतः ठिकठिकाणी दुरुस्त केली, भर घातली. म्हणजे क्रीचरचे ते सुंदर युक्तिवाद त्याच्या शत्रूने तपासून दिलेत! फक्त अगदी शेवटी, व्हिक्टर गेल्यावर, क्रीचर वॉल्टनसमोर उभा राहून बोलतो तेवढंच व्हिक्टरच्या हाताखालून न गेलेलं. एवढं एक समजलं की प्रकरण २४ मधलं क्रीचरचं कुठलंही कोटेशन तुमच्यासाठी दुप्पट कामाचं होतं.

म्हणून प्रत्येक कोटेशन एका छोट्या कार्डवर उतरवा आणि मागे तीन गोष्टी लिहा: कोण कोणाला म्हणतंय, कुठे म्हणतंय, आणि नुकतंच काय घडलंय. तिसरी गोष्ट लोक हटकून गाळतात आणि खरा उपयोग तिचाच असतो, ते पुढे दाखवते.

किती आणि कुठली निवडायची

वीस ते पंचवीस पुरे. खरंच पुरे. एका उत्तरात तुम्ही सहा-सात वापरणार, ती चांगली वापरलेली हवीत.

निवडताना एक चाळणी लावा, की हे वाक्य किमान दोन वेगळ्या प्रश्नांना चालेल का? "इट वॉज ऑन अ ड्रिअरी नाइट ऑफ नोव्हेंबर" हे सगळ्यांना पाठ असतं (१८३१ च्या प्रस्तावनेत मेरी शेलीच सांगते की लिहायला सुरुवात याच शब्दांनी केली), पण वातावरण आणि गॉथिक, म्हणजे भय-गूढ प्रकारची, मांडणी सोडली तर त्याचा फार उपयोग नाही. त्याच प्रसंगातलं "ब्रेथलेस हॉरर अँड डिसगस्ट" म्हणजे श्वास अडकवणारी भीती आणि किळस, हे जास्त कामाचं. व्हिक्टरची जबाबदारी, बाह्यरूपावरून माणसाला जोखणं, महत्त्वाकांक्षेचा शेवट, क्रीचरवर झालेला पहिला अन्याय, चारही ठिकाणी चालतं.

दुसरी गोष्ट, लांब वाक्य कापा. प्रकरण ४ मध्ये व्हिक्टर वॉल्टनला एक लांबलचक उपदेश करतो, माझ्याकडून शिक, ज्ञान मिळवणं किती धोक्याचं असतं, आणि स्वतःच्या गावालाच जग मानणारा माणूस किती सुखी असतो वगैरे. ते अख्खं पाठ करणारे लोक मी बघितलेत, पेपरात मधला एक शब्द अडला की पुढचं सगळं अडतं. त्यातलं फक्त "हाऊ डेंजरस इज द अक्वायरमेंट ऑफ नॉलेज" एवढंच घ्या, बाकीचं स्वतःच्या शब्दांत सांगा. सहा-सात शब्दांच्या वर जायचं असेल तर त्याला चांगलं कारण पाहिजे.

तिसरं, सगळी कोटेशन्स व्हिक्टर आणि क्रीचरचीच घेऊ नका. बाकीच्यांची तीन-चार असली की उत्तर एकदम वेगळं दिसतं. व्हिक्टरच्या धाकट्या भावाच्या, विल्यमच्या, खुनाचा खोटा आळ जिच्यावर येतो ती घरची मोलकरीण जस्टिन प्रकरण ८ मध्ये म्हणते, "आय डिड कन्फेस, बट आय कन्फेस्ड अ लाय", मी कबुली दिली पण खोट्याची दिली. ती फाशी गेल्यावर प्रकरण ९ मध्ये एलिझाबेथ म्हणते की आता मला माणसंच एकमेकांच्या रक्ताला तहानलेली राक्षसं वाटतात, त्यातला "मॉन्स्टर्स थर्स्टिंग फॉर ईच अदर्स ब्लड" एवढा तुकडा घ्या. 'खरा राक्षस कोण' या प्रश्नाला हे एलिझाबेथच्या तोंडून येणं किती भारी आहे बघा, तिला तर क्रीचर अस्तित्वात आहे हेसुद्धा माहीत नाही. क्रीचर ज्यांच्या झोपडीशेजारी लपून राहतो त्या घरातल्या आंधळ्या म्हाताऱ्या डी लेसीचं प्रकरण १५ मधलं "आय ॲम ब्लाइंड अँड कॅनॉट जज ऑफ युअर काउंटेनन्स" पण ठेवा, म्हणजे मला दिसत नाही त्यामुळे तुझ्या चेहऱ्यावरून काही ठरवता येत नाही. अख्ख्या कादंबरीत क्रीचरशी नीट बोलणारा जो एक माणूस आहे त्याला दिसत नाही, हा मुद्दा त्या वाक्यात आयताच येतो.

एक वाक्य पूर्ण पिळून बघू

पाठ करण्याआधी वाक्य समजून घ्या असं सगळेच सांगतात, पण म्हणजे नक्की काय करायचं ते एकदा करून दाखवते. प्रकरण १०, आल्प्समध्ये, शामोनीजवळच्या बर्फाच्या नदीवर व्हिक्टर आणि क्रीचर समोरासमोर येतात. क्रीचर म्हणतो: "रिमेंबर दॅट आय ॲम दाय क्रीचर, आय ऑट टू बी दाय ॲडम, बट आय ॲम रादर द फॉलन एंजल, हूम दाऊ ड्राइव्हेस्ट फ्रॉम जॉय फॉर नो मिसडीड." मी तुझी निर्मिती आहे, मी तुझा ॲडम असायला हवा होतो, पण झालोय पतित देवदूत, ज्याला तू काही गुन्हा नसताना आनंदातून हाकललंस.

यात काय काय दिसतं? एक, 'ऑट टू बी', म्हणजे असायला हवं होतं, यात हक्क पण आहे आणि तक्रार पण. दोन, ॲडम आणि पतित देवदूत ही जोडी मिल्टनच्या 'पॅराडाइज लॉस्ट'मधली आहे आणि १८१८ च्या आवृत्तीच्या शीर्षकाच्या पानावर त्याच काव्यातल्या ओळी छापल्यात, ज्यात ॲडम देवाला विचारतो की मला घडव म्हणून मी सांगितलं होतं का. तीन, क्रीचरला हे कुठून माहीत? तर त्याला जंगलात एक चामड्याची पेटी सापडते, त्यात तीन पुस्तकं असतात, 'पॅराडाइज लॉस्ट', प्लुटार्कची चरित्रं आणि गटेची वेर्टरची कादंबरी. पण ते आपल्याला कळतं प्रकरण १५ मध्ये. म्हणजे प्रकरण १० वाचताना आपण फक्त चकित होतो की हा असं कसं बोलतो. चार, 'दाय' आणि 'दाऊ', ही प्रार्थनेतली, बायबलची भाषा आहे, तो व्हिक्टरशी देवाशी बोलावं तसा बोलतोय.

आणि पाच, 'नो मिसडीड'. इथे ती 'नुकतंच काय घडलंय' वाली नोंद कामाला येते. हे वाक्य तो म्हणतो तेव्हा छोटा विल्यम त्याच्याच हातून मेलेला आहे, जस्टिन फासावर गेलेली आहे. मग काही गुन्हा नसताना कसं? तो खोटं बोलतोय का? का तो त्या पहिल्या रात्रीबद्दल बोलतोय, जेव्हा खरंच त्याने काहीच केलं नव्हतं, फक्त हात पुढे केला होता आणि व्हिक्टर पळाला होता? दोन्ही बाजूंनी लिहिता येतं, आणि असं दोन्ही बाजूंनी लिहिता आलं की मार्क मिळतात.

प्रत्येक वाक्याला एवढा वेळ द्यायची गरज नाही. सहा-सात मुख्य वाक्यांना द्या, बाकीच्यांना दोन-दोन मुद्दे पुरे. पण एकदा असं पिळलं की वाक्य वेगळं पाठ करावं लागत नाही, ते आपोआप बसतं, हे करून बघितल्याशिवाय पटत नाही.

आता वाक्यांच्या माळा करा

माझ्या मते अख्ख्या पद्धतीतली सगळ्यात कामाची पायरी हीच. विषयांची नावं लिहून त्याखाली कोटेशन्स टाकायची असं सगळे करतात, महत्त्वाकांक्षा, एकटेपणा, निसर्ग. त्यात वाईट काही नाही, पण त्या याद्याच राहतात. त्याऐवजी एखादी वस्तू किंवा प्रतिमा पकडा आणि ती कादंबरीत पहिल्यापासून शेवटपर्यंत कशी बदलत जाते ते क्रमाने लावा.

उजेड आणि आग घ्या. पत्र १ मध्ये वॉल्टन ध्रुवाबद्दल लिहितो, "व्हॉट मे नॉट बी एक्स्पेक्टेड इन अ कंट्री ऑफ इटर्नल लाइट?", जिथे सूर्य मावळतच नाही अशा देशात काय सापडणार नाही. प्रकरण २ मध्ये पोरगेला व्हिक्टर बघतो की वीज पडून जुन्या सुंदर ओकच्या झाडातून "स्ट्रीम ऑफ फायर", आगीचा लोट, बाहेर पडतो आणि झाडाचं नुसतं जळकं खोड उरतं. प्रकरण ४ मध्ये तोच व्हिक्टर म्हणतो मी "अ टॉरंट ऑफ लाइट इंटू अवर डार्क वर्ल्ड", आपल्या अंधाऱ्या जगात उजेडाचा धबधबा ओतीन. आणि लगेच पुढच्या प्रकरणात, जेव्हा खरोखर ते घडतं, तेव्हा उजेड किती असतो? विझत आलेली एक मेणबत्ती! "द ग्लिमर ऑफ द हाफ-एक्स्टिंग्विश्ड लाइट". धबधब्याची बढाई आणि हातात अर्धी विझलेली मेणबत्ती. हे दोन तुकडे शेजारी ठेवले की दोन्ही कायमचे लक्षात राहतात.

मग प्रकरण ११, क्रीचरला भटक्या भिकाऱ्यांनी सोडलेली शेकोटी सापडते, ऊब मिळाली म्हणून आनंदाने तो निखाऱ्यात हात घालतो आणि भाजतो. म्हणतो, किती विचित्र, "दॅट द सेम कॉज शुड प्रोड्यूस सच ऑपोझिट इफेक्ट्स", एकाच गोष्टीचे असे उलटे परिणाम. ज्ञान चांगलं की वाईट या प्रश्नाचं उत्तर त्याने नकळत देऊन टाकलंय, तेही कुठला प्रोफेसर नसताना. प्रकरण १६ मध्ये तोच आग वापरून डी लेसींची झोपडी जाळतो, म्हणजे आग आता हत्यार झाली. आणि कादंबरीचे शेवटचे शब्द काय आहेत? "लॉस्ट इन डार्कनेस अँड डिस्टन्स". अंधारात आणि अंतरात हरवला. कायमच्या उजेडाच्या देशाने सुरू झालेली गोष्ट अंधारात येऊन थांबते. कादंबरीचं उपशीर्षक 'द मॉडर्न प्रोमिथियस' आहे, देवांकडून आग चोरणारा तो, म्हणजे माळेचा धागाही लेखिकेनेच हातात दिलाय.

सहा-सात कोटेशन्स झाली आणि ती क्रमाने आठवतात, कारण एकातून पुढचं निघतं. मधलं एखादं विसरलं तरी मागच्या-पुढच्यावरून सापडतं. यादीत ते होत नाही.

दुसरी माळ एकटेपणाची करा: वॉल्टनचं "आय हॅव नो फ्रेंड, मार्गारेट" (पत्र २), मग क्रीचरचं सैतानालाही सोबती होते पण मी "सॉलिटरी अँड अभॉर्ड", एकटा आणि सगळ्यांना नकोसा (प्रकरण १५), मग "आय ॲम अलोन अँड मिझरेबल" (प्रकरण १६). वॉल्टनची आणि क्रीचरची मागणी एकच आहे, फक्त एकाला ती बहिणीला पत्रात लिहिता येते. तिसरी माळ मालक आणि निर्मात्याची, प्रकरण ४ मधलं नवी प्रजाती मला निर्माता म्हणून दुवा देईल, "ब्लेस मी ॲज इट्स क्रिएटर", इथपासून प्रकरण २० मधलं "यू आर माय क्रिएटर, बट आय ॲम युअर मास्टर; ओबे!" इथपर्यंत. मधले मणी तुम्ही भरा.

प्रत्यक्ष पाठांतर

आता घोकायचं कसं. वाक्याची चाल ऐका आधी, मोठ्याने म्हणून. "आय वॉज बेनेव्हलंट अँड गुड, मिझरी मेड मी अ फीन्ड", मी भला होतो, दुःखाने मला सैतान केलं. दोन भाग, मध्ये एक विराम, आणि दुसऱ्या भागात म, म, म. "आय ॲम मॅलिशस बिकॉज आय ॲम मिझरेबल" मध्ये पण तेच, दोन्ही टोकांना म. क्रीचरची बरीच वाक्यं अशी तराजूसारखी दोन पारड्यांची असतात, कारण तो वाद घालतोय, वकिली करतोय. ती चाल पकडली की पाठांतर निम्मं झालं, आणि शैलीबद्दल लिहायला मुद्दाही मिळाला.

मग असं करा: वाक्य एकदा वाचा, पान झाका, कागदावर लिहा, पान उघडून शब्दाशब्द ताडून बघा. चुकलेला शब्द लाल करा. पुन्हा झाका, पुन्हा लिहा. एखादं फारच त्रास देत असेल तर प्रत्येक शब्दाचं फक्त पहिलं अक्षर लिहून ठेवा आणि त्यावरून पूर्ण म्हणून बघा, मग तो आधारही काढून टाका.

नुसतं पुन्हा पुन्हा वाचणं ही सगळ्यात फसवी गोष्ट आहे, वाचताना ओळखीचं वाटतं म्हणून येतंय असं वाटतं. २००६ मध्ये रोडिगर आणि कार्पिक या दोन मानसशास्त्रज्ञांनी विद्यार्थ्यांवर प्रयोग केला होता, एका गटाने मजकूर पुन्हा वाचला, दुसऱ्याने न बघता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी विचारलं तर पुन्हा वाचणारे पुढे होते. पण आठवड्याने विचारलं तर आठवून लिहिणारे पुढे निघाले. पेपर पाच मिनिटांनी नसतो, एवढंच लक्षात ठेवा.

उजळणी अंतर वाढवत नेत करा. आज, उद्या, मग तीन दिवसांनी, मग आठवड्याने, मग दोन आठवड्यांनी. विसरण्याचा वेग सुरुवातीला जास्त असतो आणि नंतर मंदावतो हे एबिंगहाउसने १८८५ मध्येच स्वतःवर प्रयोग करून दाखवलंय. कार्डं वापरत असाल तर लाइटनरची डब्यांची पद्धत सोपी पडते: आलं ते कार्ड पुढच्या डब्यात, जो कमी वेळा उघडायचा, चुकलं ते परत पहिल्या डब्यात. अँकी ॲप हेच हिशोब आपोआप करतं. मला कागदी कार्डंच आवडतात कारण ती टेबलवर पसरून माळा लावता येतात, ॲपवर ते जमत नाही, पण ज्याला जे सोयीचं.

एका दिवशी चार-पाचाच्या वर नवीन घेऊ नका.

उलट्या बाजूने विचारा

कार्ड नेहमी वाक्य बघून अर्थ सांगायचा अशा दिशेनेच वापरलं तर पेपरात अडकता, कारण पेपरात वाक्य दिलेलं नसतं, प्रश्न दिलेला असतो. म्हणून प्रश्नाकडून वाक्याकडे या. कोणालातरी सांगा विचारायला: प्रकरण ५ मधलं एक सांग. जबाबदारीवर तीन सांग. व्हिक्टर क्रीचरला कुठकुठल्या शिव्या देतो? (रेच, फीन्ड, डेव्हिल, आणि प्रकरण १० मधलं "बिगॉन, व्हाइल इन्सेक्ट!", चल निघ, नीच किड्या. आठ फुटी देहाला किडा म्हणणं, हेही एक कोटेशन झालंच की.) "आय शाल बी विथ यू ऑन युअर वेडिंग-नाइट" ऐकून व्हिक्टर काय समजतो आणि प्रत्यक्षात काय होतं? त्याला वाटतं धमकी आपल्याला आहे, मारली जाते एलिझाबेथ. असा प्रश्न विचारणारं कोणी नसेल तर विषयांच्या चिठ्ठ्या करा, रोज एक उचला आणि पाच मिनिटांत आठवतील तेवढी लिहा.

खोट्या कोटेशन्सपासून सांभाळून

हे लिहायलाच हवं कारण यात चांगले चांगले फसतात. "इट्स अलाइव्ह!" पुस्तकात नाही, ते १९३१ च्या सिनेमातलं. आणि माझ्यात इतकं प्रेम आहे की तुला कल्पना नाही आणि इतका संताप की तुझा विश्वास बसणार नाही, असं जे एक वाक्य मेरी शेलीच्या नावाने सगळीकडे फिरत असतं, तेही पुस्तकातलं नाही, ते १९९४ च्या सिनेमातलं आहे. पुस्तकात त्याच्या जवळचं वाक्य प्रकरण १७ मध्ये आहे: कोणी एकाने जरी मला माया दाखवली तर त्या एकासाठी "आय वुड मेक पीस विथ द होल काइंड", अख्ख्या मानवजातीशी समेट करीन. मला तर हेच जास्त आवडतं, त्यात आक्रस्ताळेपणा नाही, सौदा आहे.

उपाय सोपा आहे. नेटवर मिळालेलं कुठलंही वाक्य कार्डवर उतरवण्याआधी प्रोजेक्ट गुटेनबर्गवर कादंबरीचा पूर्ण मजकूर फुकट आहे, तिथे त्यातले दोन-तीन शब्द सर्च करा. सापडलं नाही तर सोडा. फक्त तिथे कुठली आवृत्ती उघडलीय ते प्रकरणांच्या नंबरांवरून बघायचं.

उत्तरात बसवायचं कसं

कोटेशन वेगळ्या ओळीत टांगून ठेवू नका. 'क्रीचर दुःखी आहे. तो म्हणतो, आय ॲम अलोन अँड मिझरेबल. यावरून कळतं की तो दुःखी आहे.' असं लिहिलेलं तपासणाऱ्याने हजारदा वाचलेलं असतं, आणि त्यात कळत काहीच नाही. त्याऐवजी तुकडा तुमच्याच वाक्यात मुरवा: 'जगात उजेडाचा "टॉरंट" ओतायला निघालेला व्हिक्टर आपल्या निर्मितीला पहिल्यांदा बघतो ते "हाफ-एक्स्टिंग्विश्ड" उजेडात, म्हणजे त्याने काय केलंय ते त्याला धड दिसतही नाहीये.' दोनच तुकडे वापरले, पण मुद्दा पूर्ण झाला आणि दोन प्रकरणंही जोडली गेली. मराठीत जमलं की इंग्रजीत हेच करायचं, वाक्य तुमचं, त्यातले दोन-तीन शब्द मेरी शेलीचे.

आणि पेपरात वाक्य अर्धवटच आठवलं तर? जेवढं नक्की आठवतंय तेवढंच अवतरणचिन्हात टाका, एक शब्द असला तरी चालतो, बाकीचं आपल्या शब्दांत. 'फीन्ड' हा एकच शब्द आठवला तरी त्यावर चार ओळी लिहिता येतात, त्याला फीन्ड पहिल्यांदा कोणी म्हटलं आणि तो स्वतःला कधीपासून म्हणायला लागला, असं. मनाने जुळवून अवतरणचिन्हात मात्र काही घालू नका, ते पकडलं जातं.

शेवटच्या दोन दिवसांत नवीन कार्ड घ्यायचं नाही. जी अजूनही चुकताहेत ती पाच-सहा बाजूला काढा आणि प्रामाणिकपणे टाकून द्या, त्यांच्यामागे लागून पक्की झालेलीही डळमळतात. त्याऐवजी कोऱ्या कागदावर तिन्ही माळा न बघता एकेकदा लिहून काढा, प्रकरण नंबरांसकट, आणि कुठे अडलं तेवढंच पुस्तक उघडून बघा.